सरळ उमटलेलं नाव

सोमा गुरुजींची ती गोष्ट ऐकली नाही असा माणूस आमच्या गावात शोधून सापडायचा नाही. सफरचंदाच्या झाडांची छाटणी असो, छपरावरचा बर्फ ओढायला माणसं जमलेली असोत, नाहीतर कुणाच्या मयतीनंतरचं जेवण असो, दोन घोट पोटात गेले की गुरुजी घसा खाकरायचे आणि बायका एकमेकींकडे बघून चहा ओतायला उठायच्या, कारण गोष्ट पाऊण तास चालणार हे ठरलेलं.

गोष्ट अशी. पन्नास वर्षांपूर्वीचा चौथीचा वर्ग, एकेचाळीस पोरं, आणि लाकडी ठशाचा तास. फळीवर चित्र कोरायचं, कडेला एकाखाली एक अक्षर असं आपलं आडनाव कोरायचं, शाई फिरवायची आणि कागदावर छाप घ्यायचा. ठशात सगळं फिरून येतं, म्हणून नाव उलटं कोरा असं गुरुजींनी तीनदा बजावलं होतं. पोरांनी तीनदा माना डोलावल्या आणि मग खुशाल सरळ नावं कोरली. एकेक कागद उचलला तसं एकेक नाव पाठ फिरवून उभं राहिलं. चाळीस कागद झाले. गुरुजींचा पारा चढला होता, आणि एकेचाळिसाव्या कागदावर नाव सरळ. इथे गुरुजी थांबायचे, ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि म्हणायचे, "चाळीस जणांचे कान भिंतीला दिलेले, एकटीचे जाग्यावर. यामानाका मिचियो. आज आपल्या शाळेत चित्रकला कोण शिकवतं? तीच ती."

गोष्टीतलं बाकी सगळं खरं. फक्त शेवट खोटा, आणि तो खोटा आहे हे मिचियोबाईंना वयाच्या दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं.

त्या तासाला तिचे कान जाग्यावर नव्हतेच. ती खिडकीतून समोरच्या छपरावरचा बर्फ आता घसरतो की मग घसरतो हे बघत होती. तिनेही सगळ्यांसारखं नाव सरळच कोरलं. पण यामा म्हणजे डोंगर, तीन शिखरांचा, मधलं उंच आणि बाजूची दोन सारखी. नाका म्हणजे मध्य, एक चौकोन आणि त्याच्या पोटातून आरपार गेलेली उभी रेघ. ही दोन अक्षरं एकाखाली एक लिहून आरशासमोर धरा, आरशाला काही फिरवताच येत नाही. आमच्याकडची आडनावं मोजकीच, कुदो, नारिता, सासाकी, आणि त्यातलं एकही असं नाही. यामानाकांचं घर रेल्वेच्या बदलीमुळे बाहेरून आलेलं. तेव्हा वर्गात ही सोय एकट्या मिचियोची.

तिला हे कळलं आठवड्याने. त्या शाबासकीने हुरळून जाऊन तिने नववर्षाला मिळालेल्या पैशांतून स्वतःच्या कोरण्या विकत घेतल्या होत्या, आणि घरी लाकडाच्या तुकड्यावर 'मिचियो' कोरून छाप घेतला तो साफ उलटा आला. ती बराच वेळ तो कागद हातात धरून बसली. मग आरसा आणला, आडनाव लिहिलं, आणि आरशात ते जसंच्या तसं दिसलं. तोवर आईने ती शाबासकी शेजारीपाजारी सांगून टाकली होती, आजोबांना पत्रानेही कळवली होती. आता कोणाला काय सांगायचं?

सांगितलं नाही. त्याऐवजी ती शिकली. पुढच्या वेळी गुरुजींनी बोलावलंच तर आपली फजिती होऊ नये एवढ्यासाठी ती रोज अक्षरं उलटी लिहायची, इतकी की एकदा गणिताच्या पेपरात तीन उलटा पडला. ठसा शिकली, माती शिकली, शिक्षक व्हायचं कॉलेज केलं, आणि छत्तीस वर्षं शाळांमधून पोरांच्या हातात कोरण्या देत राहिली. लग्नानंतर कागदोपत्री नवऱ्याचं आडनाव लागलं, पण शाळेत ती यामानाकाबाईच राहिली. नवरा गमतीने म्हणायचा की माझ्या नावाशी तुझं काही वाकडं आहे. वाकडं काही नव्हतं. शिमादा हे नाव आरशात टिकत नव्हतं, एवढंच.

शेवटची बारा वर्षं ती गावातल्याच शाळेत होती, आणि गुरुजींची गोष्ट तेव्हापासूनच गावभर फोफावली. दर वर्षी शाळेच्या प्रदर्शनाला, आता अठ्ठ्याऐंशीचे झालेले गुरुजी काठी टेकत यायचे, पोरांना जमिनीवर बसवून गोष्ट सांगायचे, आणि मिचियोबाई मागे उभ्या राहून पायातल्या सपातांकडे बघायच्या. पोरांना वाटायचं, बाई किती विनयशील आहेत. बाईंना वाटायचं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

या चोरीचा एक परिणाम मात्र चांगला झाला होता. एप्रिलमध्ये नव्या वर्गाची हजेरी हातात आली की बाई पहिल्यांदा एकच गोष्ट बघायच्या, आरशात न फिरणारं आडनाव कुणाचं आहे. कारण ठशाच्या पहिल्या तासाला त्या काहीच बजावत नसत. छोट्याशा तुकड्यावर नाव कोरा, एवढंच सांगायच्या. पोरं सरळ कोरायची, छाप उलटा यायचा, वर्गात हसून गोंधळ व्हायचा, आणि मग त्या गोंधळातून धडा सुरू व्हायचा. सांगून चाळीस विसरतात, चुकून एकही विसरत नाही, हे त्यांचं अनुभवाचं गणित होतं. आणि ज्याचं नाव फिरत नाही त्याला त्या हळूच सांगायच्या, तू आडनाव नको, पाळण्यातलं नाव कोर. कुणालाही त्यांच्या हातून फुकटची शाबासकी मिळता कामा नये.

यंदाचा फेब्रुवारी हा बाईंचा नोकरीतला शेवटचा. मार्चअखेर निवृत्ती. सोमवारी दुपारच्या सुट्टीत नगरपालिकेच्या मासिक पत्रिकेतून हाचिया नावाच्या मुलीचा फोन आला. पत्रिका घरोघर जाते, म्हाताऱ्यांना तेवढीच करमणूक. हाचिया म्हणाली की मार्चच्या अंकात पहिल्या पानावर गुरू आणि शिष्या अशी तुमची दोघांची गोष्ट घेतोय, आणि आनंदाची बातमी म्हणजे तो पन्नास वर्षांपूर्वीचा छाप तुमच्या भावाकडे मिळाला. तो अख्ख्या पानभर छापू. गुरुवारी अंक छापायला जाईल.

बाईंनी आभार मानले, फोन ठेवला आणि खुर्चीवर बसून राहिल्या. गोष्ट तोंडी होती तोवर तिला धोका नव्हता, ऐकणारे गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघायचे. पण छाप पानभर छापला की डोंगर आणि मध्य ही दोन अक्षरं दोन हजार घरांत जाणार, आणि कुठल्या तरी जेवणाच्या मेजावर कुठलं तरी पोरगं विचारणार की हे तर दोन्हीकडून सारखंच आहे. मग सगळं गाव हसणार. बाईंना स्वतःच्या फजितीची एवढी धास्ती नव्हती, महिनाभराचा तर प्रश्न. पण गुरुजी? इतकी वर्षं मयतीच्या जेवणांत सांगितलेली गोष्ट, आणि म्हाताऱ्याला दोन अक्षरं वाचता आली नाहीत म्हणून हसं. या वयात त्यांना तोंड लपवायला लागलं असतं. छाप सापडत नाही म्हणावं तर तो हाचियाच्या हातात होता. गुरुजींना जाऊन खरं सांगावं तर त्यांची मान बाईंना आपल्याच हाताने खाली घालावी लागणार होती. सोमवार गेला, मंगळवार गेला.

बुधवारी चौथीचा ठशाचा पहिला तास होता. चौदा मुलं. बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, त्यामुळे छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या एक गोष्ट विसरल्या. हिराता चिनामी ही मुलगी वडिलांच्या बदलीमुळे मागच्या उन्हाळ्यात ओसाकाहून आली होती, म्हणजे एप्रिलच्या हजेरीत नव्हतीच. हिरा म्हणजे सपाट, ता म्हणजे शेत. दोन्ही अक्षरं आरशाला दाद न देणारी.

मुलांनी तुकडे कोरले, रुळाने शाई फिरवली, कागद ठेवून घासायच्या गोल गादीने घासघास घासले. कागद उचलताच नेहमीसारखा दंगा झाला. कुदोच्या नावाने पाठ फिरवली होती, मिकामीला तर आपलंच नाव वाचता येईना. मग कुणीतरी ओरडलं की हिराताचं सरळ आलंय. सगळे तिच्या मेजाभोवती जमले. कुदो म्हणाला, ही त्या गोष्टीतल्या बाईंसारखीच आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बाई दाराशी उभ्या होत्या. आता पुढे होऊन काही बोलायला हवं होतं, पण त्या तिथून हलल्या नाहीत.

चिनामीने कागद उभा धरला, आडवा धरला, खिडकीला लावून मागून बघितला. मग तिच्या त्या ओसाकाच्या हेलात म्हणाली, "मी काही उलटंबिलटं केलं नाही हं. माझं नाव मागून पण असंच आहे."

"गप बस ना," कुदो कुजबुजला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "सांगितलं नसतंस तर बाईंनी शाबासकी दिली असती."

"आणि पुढच्या वेळी? तुम्हाला वाटणार मला येतं. मला कुठे येतंय. त्यापेक्षा आत्ताच शिकवा म्हणावं."

एवढं बोलून ती दुसरा तुकडा मागायला बाईंकडे आली. नऊ वर्षांची पोर. ज्या वाक्याला बाईंना पन्नास वर्षं पुरली नव्हती ते तिने शाईचे हात पुसता पुसता सांगून टाकलं होतं. बाईंना तिचा हेवा वाटला, आणि मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की पाय आपोआप फळ्याकडे गेले. त्यांनी खडूने एकाखाली एक दोन अक्षरं काढली, यामा आणि नाका, आणि वर्गाकडे वळून विचारलं की या नावाचा छाप कसा येईल.

मिकामीने बोटाने हवेत अक्षरं काढून बघितली.

"सारखाच," तो म्हणाला. "बाई, म्हणजे तुम्ही पण हिराता?"

"मी पण हिराता," बाई म्हणाल्या. "फरक एवढाच की मी बोलले नाही."

वर्ग हसला. बाईंनाही हसू आलं, छातीवरची धोंड उतरल्यासारखं, आणि मग कुदोने हळूच विचारलं की म्हणजे सोमा आजोबांची गोष्ट खोटी का. हसू तिथेच थिजलं. बाईंच्या लक्षात आलं की चौदा पोरं साडेतीनला घरी जाणार, आणि पाच वाजेपर्यंत ही बातमी सगळ्या गावात असणार. पत्रिकेची वाट बघायची आता गरजच उरली नव्हती.

तास संपला तशा बाई मुख्याध्यापकांना सांगून निघाल्या. गुरुजींचं घर पुलापलीकडे, बागांच्या कडेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या माणूसभर उंच भिंती, मधून एक गाडी जाईल एवढीच वाट. वाटभर त्या वाक्यं जुळवत होत्या, पण पहिल्या वाक्यापुढे गाडी सरकत नव्हती.

दार गुरुजींच्या पत्नीने उघडलं. हिसाआजी म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांची चुणचुणीत बाई, गुरुजींच्या गोष्टीच्या वेळी सगळ्यात आधी चहाला उठणारी. मिचियोबाईंना बघून त्या आतल्या बाजूला वळून म्हणाल्या, "आली बघा. म्हटलं होतं ना, गुरुवारच्या आत येईल."

गुरुजी रजई लावलेल्या गरम मेजात कमरेपर्यंत शिरून बसले होते. समोर भाताचा वाडगा तसाच झाकलेला. दाढी वाढलेली. बाईंना वाटलं, कुणीतरी आधीच येऊन सांगितलं की काय. त्या दारातच गुडघ्यांवर बसल्या, चटईला कपाळ टेकवलं, आणि जुळवलेली वाक्यं सगळी विसरून म्हणाल्या, "गुरुजी, ते नाव मी उलटं कोरलंच नव्हतं. माझं लक्ष पण नव्हतं. एवढी वर्षं बोलले नाही, माफ करा."

हिसाआजी हसायला लागल्या. आधी तोंड दाबून, मग उघड, शेवटी डोळे पुसत भिंतीला टेकल्या.

"तू का माफी मागतेस?" गुरुजी पडेल आवाजात म्हणाले. "ऊठ आधी. मला माहीत आहे."

"आज कळलं?"

"त्याच दिवशी कळलं. छाप तपासायला घरी आणले होते. मी हिला मोठ्या ऐटीत तुझा कागद दाखवला. ही एप्रनला हात पुसत आली आणि म्हणाली, अहो, डोंगराला कधी पाठ असते का?" गुरुजींनी बायकोकडे रागाने बघितलं. पन्नास वर्षांचा मुरलेला राग होता तो. "ती त्या दिवशी हसली ते अजून हसतेय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल करायची असं ठरवून गुरुजी शाळेत गेले होते. पण बघतात तर ही पोर, जी वर्षभर मागच्या बाकावर खिडकीत तोंड घालून बसायची, ती पहिल्या बाकावर येऊन बसलेली. कान टवकारून. गुरुजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. उद्या सांगू म्हणाले. आठवड्याने ती नव्या कोरण्या घेऊन आली, तेव्हा तर विषयच संपला. पुढे ती शिक्षिका झाल्याचं कळलं तेव्हा त्यांना आनंद व्हायच्या ऐवजी घाम फुटला होता. एका चुकीच्या शाबासकीवर एका पोरीचा जन्म गेला, असं त्यांच्या मनाने घेतलं.

"मग गावभर सांगत कशाला फिरलात?" मिचियोबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजाला धार आली होती आणि ती त्यांनी लपवली नाही. सपातांकडे बघण्यात घालवलेली बारा प्रदर्शनं होती त्यात.

"तू बदली होऊन गावात आलीस ना. कोणीतरी शहाणा तुला सांगेल अशी भीती. म्हटलं, आपणच इतक्या जोरात सांगायचं की कोणाला शंका घ्यायला फट राहू नये. मग सवय लागली. आणि आता ही पत्रिका." गुरुजींनी झाकलेल्या वाडग्याकडे बोट केलं. "त्या पोरीने सोमवारी फोन केला तेव्हापासून घास उतरत नाही. पानभर छापणार म्हणते. तुझ्या निवृत्तीच्या महिन्यात तुझ्या छत्तीस वर्षांवर गाव हसणार, ते माझ्या तोंडाळपणामुळे."

"माझ्यावर?" बाई म्हणाल्या. "मी तुमच्यासाठी पळत आले."

"दोघंही येडी," हिसाआजी चुलीवरची किटली उचलत म्हणाल्या. "त्या हाचियाला मी आत्ता फोन करते. जे झालं ते छापा म्हणावं, छापासकट. गाव हसेल चार दिवस. हसू दे की. मी पन्नास वर्षं एकटी हसतेय, कंटाळा आला."

त्या आत फोनकडे गेल्या. मेजापाशी गुरू आणि शिष्या उरली. मिचियोबाईंनी पाय रजईत घातले. इतका हलकेपणा त्यांना कधी वाटला होता ते आठवेना, बसल्या जागी डुलकी लागेल असं वाटत होतं. पण गुरुजी अजून सुटले नव्हते. ते मेजाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले, मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "एक विचारतो. खरं सांग, आता आपल्यात झाकायला काही राहिलं नाही. तुला हे काम आवडलं का? की मी बोललो म्हणून अडकून पडलीस?"

बाईंची एकदा खोटी शाबासकी घेऊन झाली होती, आता खोटी द्यायची नव्हती. त्यांनी मनाशी वर्षं मागे मागे मोजत नेली. डोंगरातल्या पहिल्या शाळेपर्यंत, जिथे पोरांनी शाईचे हात भिंतीला पुसले होते आणि त्या सामानाच्या खोलीत जाऊन रडल्या होत्या.

"पहिली चार वर्षं नाही आवडलं," त्या म्हणाल्या. "सोडायचा अर्ज लिहून ठेवला होता, दोनदा. पाचव्या वर्षी कधीतरी तो द्यायचा राहून गेला. मग आवडायला लागलं. आज तर फारच आवडलं."

गुरुजींनी चष्मा काढला, बाहीने डोळे पुसले, परत घातला. नंतर एक लांब श्वास सोडला आणि वाडग्यावरचं झाकण बाजूला केलं.

"हिसा," त्यांनी आतल्या दिशेने हाक मारली, "हा भात गार झालाय. गरम वाढ. आणि हिलाही वाढ." दुपारचे चार वाजले होते, जेवायची काही वेळ नव्हती, पण दोघंही पोटभर जेवली.